कुरकुरीत कोळंबी : तेलाचे काम हवेवर सोपवताना

गेल्या काही वर्षांत शहरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिक्सर आणि मायक्रोवेव्ह यांच्या शेजारी एअर फ्रायर येऊन बसला आहे. घरात आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यात पापड, बटाट्याच्या फोडी, गोठवलेली कटलेटे असे प्रयोग होतात आणि ते बहुधा साधतात. मग एखाद्या रविवारी बाजारातून कोळंबी येते. नेहमीचे वाटण लावून, रव्यात घोळवून ती जाळीत मांडली जाते, यंत्राबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील तापमान आणि मिनिटे लावली जातात, आणि बाहेर येते ती वरून पांढुरकी, दाताखाली कचकचणारी आणि आतून चिवट झालेली कोळंबी. खाणारे भिडेपोटी काही बोलत नाहीत. पण पुढच्या रविवारी कढई पुन्हा गॅसवर चढते.

कोळंबी हा काही स्वस्त प्रकार नव्हे. अख्खी कोळंबी घेतली, तर डोकी आणि साले काढल्यावर हाती निम्म्याच्या आसपास ऐवज उरतो. तो वाया गेल्याचे दुःख मेथीची जुडी वाया गेल्यापेक्षा मोठे असते. शिवाय पुष्कळ घरांत हे यंत्र हौसेखातर आलेले नसते. कोणाला तरी डॉक्टरांनी तळण कमी करायला सांगितलेले असते. ज्याच्यासाठी ते आणले त्याच्याच ताटात बेचव पदार्थ पडू लागले, तर पथ्य फार दिवस टिकत नाही. म्हणून ही कोळंबी नेमकी कुठे बिघडते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. थोडक्यात सांगायचे तर एअर फ्रायर तळत नाही. कढईतले तेल जी कामे न सांगता करून टाकते, त्यांतली काही या यंत्रात कोणीच करीत नाही. ती आपण आधी करून ठेवावी लागतात.

नाव फ्रायर, काम भट्टीचे

या यंत्राची रचना साधी आहे. वर विजेवर तापणारी वेटोळी, त्यावर वेगाने फिरणारा पंखा, खाली जाळीचे भांडे. पंखा तापलेली हवा लहानशा पोकळीत घुमवतो आणि ती पदार्थाच्या चहूबाजूंनी फिरत राहते. पंख्याची भट्टी ही कल्पना जुनीच. १९४० च्या दशकात अमेरिकेत विल्यम मॅक्सन या संशोधकाने विमानात गोठवलेले जेवण गरम करण्यासाठी अशी भट्टी तयार केली होती. फ्रेड फान डर वेय या डच संशोधकाने ती ओट्यावर मावेल अशा आकारात आणली आणि २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्स कंपनीने ‘एअरफ्रायर’ या नावाने ती बाजारात मांडली. नाव आकर्षक ठरले. ‘छोटी, वेगवान भट्टी’ असे नाव दिले असते, तर खप कदाचित कमी झाला असता, पण आपल्या कोळंबीचे नुकसान टळले असते.

भट्टी आणि कढई यांतला फरक तापमानाचा नाही. दोन्हींकडे १८० अंश सेल्सियस असू शकते. फरक आहे तो उष्णता पदार्थापर्यंत पोचवण्याच्या ताकदीचा. १८० अंशांच्या भट्टीतल्या हवेत क्षणभर हात गेला तर ऊब लागते, इतकेच. त्याच तापमानाच्या तेलाचा एक थेंब हातावर उडाला तरी फोड येतो. तेल हवेपेक्षा कितीतरी दाट असते, ते पदार्थाला सर्व बाजूंनी चिकटून राहते आणि आपली उष्णता भराभर देते. हवा विरळ असते, तिच्याजवळ देण्यासारखे थोडे असते. पंख्यामुळे ही उणीव काही अंशी भरून निघते, पूर्णपणे नाही.

तेलाचे दुसरे काम सहसा लक्षात येत नाही. कोळंबी तेलात पडली की वरच्या थरातले पाणी वाफ होऊन फसफसत बाहेर येते आणि त्याने मोकळ्या केलेल्या बारीक छिद्रांत तेल शिरते. यातले बरेचसे तेल तर कोळंबी कढईबाहेर काढल्यावर, ती निवत असताना आत ओढले जाते. हे तेल आवरणाचाच भाग बनते. रव्याचा प्रत्येक कण त्यात परततो, मसाल्याचा वास त्यात उतरतो, आणि खाताना तो खमंगपणा जिभेवर पसरतो. हवेत भाजलेल्या कोरड्या रव्याला हे काहीच मिळत नाही. तो केवळ वाळतो.

तिसरी गोष्ट ओल्या पिठाची. भज्याचे पीठ लावलेली कोळंबी तेलात सोडली की ते पीठ जागच्या जागी थिजते. एअर फ्रायरच्या जाळीत तेच पीठ थिजण्यापूर्वी ओघळते, खालच्या ताटलीत त्याची पोळी होते आणि कोळंबी उघडी पडते. तेव्हा भजी, पकोडे, तेंपुरा हे प्रकार या यंत्रात करण्याच्या फंदात पडू नये. इथे कोरड्या आवरणालाच वाव आहे.

कोळंबी आधी शिजते, आवरण मागे राहते

मुख्य अडचण आहे ती कोळंबीच्याच स्वभावात. तिच्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी, पाचव्या हिश्श्याच्या आसपास प्रथिने आणि जेमतेम एक टक्का चरबी असते. तिचे स्नायू नाजूक असतात. मटणासारखे त्यांना मऊ करण्यासाठी वेळ द्यावा लागत नाही. उलट वेळ दिला की ते कडक होतात. पन्नास-पंचावन्न अंशांपासून तिची प्रथिने गोठू लागतात, मध्यभागी ६३ अंश झाले की ती खाण्यास सुरक्षित मानली जाते, आणि त्यापुढे प्रत्येक मिनिटाला स्नायू आकसून पाणी बाहेर पिळून टाकतात. हे पिळले गेलेले पाणी दुहेरी घात करते. आतला भाग रबरासारखा होतो आणि बाहेरचे आवरण भिजते.

आवरणाचे गणित याच्या नेमके उलट. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. पाणी संपले आणि तापमान १४० अंशांच्या पुढे गेले, म्हणजे प्रथिने आणि साखर यांच्यात ती प्रक्रिया जोमाने सुरू होते, जिच्यामुळे पावाला तांबूस पाठ आणि तळणीला खमंग वास येतो. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

कढईत या दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडतात. तेल इतक्या वेगाने उष्णता देते की दोन-तीन मिनिटांत आवरण सोनेरी होते आणि तेवढ्यात आतली कोळंबी जेमतेम शिजलेली असते. एअर फ्रायरमध्ये मध्यम कोळंबी पाच-सहा मिनिटांत शिजून तयार होते. कच्च्या आवरणाला रंग यायला मात्र आठ-दहा मिनिटे लागतात. आपण रंगाची वाट पाहत बसतो आणि कोळंबी चिवट होते. किंवा कोळंबीची काळजी करून लवकर काढतो आणि आवरण फिकट राहते. तापमान आणि वेळ कितीही बदलून पाहिले तरी ही ओढाताण सुटत नाही. ती सुटते आवरणाला आधीच रंग देऊन.

बाजारात मिळणारी गोठवलेली तयार ‘ब्रेडेड’ कोळंबी याच यंत्रात अगदी छान होते, याचे अनेकांना नवल वाटते. त्यात नवल नाही. अशा बहुतेक पदार्थांना कारखान्यातच तेलातून एक झटका दिलेला असतो. आवरण तिथेच बसते, तिथेच तेल पिते. घरी उरते ते फक्त गरम करणे आणि पुन्हा कुरकुरीत करणे. वेष्टनावर घटकांच्या यादीत खाद्यतेल दिसते ते यामुळेच. तेव्हा ‘तेलाशिवाय’ झालेली ही कोळंबी खरोखर तेलाशिवाय झालेली नसते.

रवा की पावाचा चुरा?

कोकणच्या किनाऱ्यावर कोळंबीला, किंवा मालवणी-कोकणी बोलीत सुंगटांना, रवा आणि तांदळाची पिठी लावून तव्यावर तळण्याची रीत आहे. तव्यावर सोडलेल्या तेलात हा रवा अप्रतिम होतो. एअर फ्रायरमध्ये तोच रवा हट्टीपणा का करतो, याचे उत्तर रव्याच्या जन्मात आहे. रवा म्हणजे गव्हाच्या दाण्यातील टणक भागाचे कच्चे कण. त्यातला स्टार्च शिजलेला नसतो. तो शिजायला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात. कढईत किंवा तव्यावर कणाला कोळंबीच्या अंगचा ओलावा मिळतो, तेलाची उष्णता मिळते, आणि ओलावा उडून जायच्या आत तो फुलून परततो. फिरत्या गरम हवेत वरच्या कणांचा ओलावा आधीच पळून जातो आणि रवा कच्चाच वाळतो. दाताखाली येते ती हीच कचकच.

पावाचा चुरा मात्र एकदा भट्टीतून जाऊन आलेला असतो. त्यातला स्टार्च शिजलेला आहे, त्यात हवेची पोकळ्या-पोकळ्यांची जाळी आहे. त्याला फक्त वाळायचे आणि तांबूस व्हायचे असते. एअर फ्रायरला हेच काम उत्तम जमते. त्यातही जाडसर, पापुद्र्यासारखा चुरा बारीक भुकटीपेक्षा सरस, कारण बारीक भुकटी ओलाव्याने एकजीव होऊन लेप बनते, तर जाड चुऱ्यातून वाफेला वाट मिळते.

हे जपानी स्वयंपाक्यांनी फार पूर्वी ओळखले. त्यांच्या ‘एबी फुराई’ या पदार्थात, म्हणजे चुरा लावून तळलेल्या कोळंबीत, ‘पांको’ नावाचा चुरा वापरतात. कारखान्यात पांकोसाठीचा पाव पिठातून विजेचा प्रवाह सोडून भाजला जातो, त्यामुळे त्याला तांबूस कडा धरत नाही. मग तो किसून त्याचे लांबट, हलके तुकडे करतात. ‘पांको’तले ‘पान’ आणि आपला ‘पाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘पांव’वरून आले आहेत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५४३ मध्ये ते जपानच्या किनाऱ्याला लागले. एकाच दर्यावर्दी लोकांनी दोन किनाऱ्यांना पाव दिला. एकाने त्याचा चुरा कोळंबीला लावला, दुसऱ्याने तो कोळंबीच्या तिखट रश्श्यात बुडवला.

आता पांको मोठ्या दुकानांत मिळतो. पण त्यावाचून काही अडत नाही. दोन दिवसांचा लादीपाव किंवा कडा काढलेला साधा ब्रेड हाताने कुस्करून वा जाड किसणीवर किसून घ्यावा आणि ताटात तासभर वाळू द्यावा. मिक्सरमध्ये घातलाच तर एक-दोन झटक्यांवर थांबावे, नाहीतर भुकटी होते. रव्याची चव ज्यांना सोडवत नाही, त्यांनी तीन भाग चुऱ्यात एक भाग बारीक रवा मिसळावा. अशा प्रमाणात तो खपून जातो. तांदळाच्या पिठीलाही जागा आहे, पण ती आवरणात नव्हे, आवरणाखाली. ते पुढे येईलच.

खरे काम यंत्राबाहेरचे

चौघांसाठी सोललेली तीनशे ग्रॅम मोठी कोळंबी घ्यावी. मोठीच घ्यावी, हे मुद्दाम सांगायला हवे. करंदीसारखी लहान कोळंबी चार मिनिटांत शिजते आणि आवरणाला काहीच अवधी देत नाही. तिचे भजे किंवा सुके करणेच बरे. बाजारातली बरीचशी मोठी कोळंबी आता तळ्यात वाढवलेली ‘व्हॅनामेई’ जातीची असते. मूळची प्रशांत महासागराच्या अमेरिकी किनाऱ्यावरची ही जात, २००९ पासून तिच्या व्यापारी संवर्धनाला भारतात परवानगी मिळाली आणि बघता बघता तिने देशी जातींना मागे टाकले. चवीबद्दल जुन्या खवय्यांची कुरकुर असते. आकार एकसारखा मिळतो हा मात्र या कामापुरता तिचा गुण आहे. एकाच जाळीत लहान-मोठी कोळंबी मिसळली, तर निम्मी हमखास बिघडते.

पावसाळ्यात मासेमारी बंद असताना गोठवलेल्या कोळंबीवर भागवावे लागते. ती घेताना वेष्टन उलटून वाचावे. कोळंबीने पाणी धरून ठेवावे म्हणून काही उत्पादक तिला फॉस्फेटच्या द्रावणात बुडवतात. घटकांत ‘४५१’ हा आकडा किंवा ‘ट्रायफॉस्फेट’ हा शब्द दिसतो. अशी कोळंबी टपोरी दिसते आणि शिजताना ते पाणी सोडते. कढईत ते निभावते, इथे आवरणाचा चिखल होतो. ज्या पाकिटात कोळंबी आणि मीठ एवढेच घटक असतील ते निवडावे. वितळवण्यासाठी ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, गाळणीखाली भांडे ठेवून ठेवावे.

साल काढताना शेपटी राहू द्यावी. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढावा. नंतर कोळंबी उलटी करून पोटाच्या बाजूला तीन-चार आडव्या, उथळ चिरा द्याव्यात आणि बोटांनी हलकेच दाबून ती सरळ करावी. पोटाकडचे स्नायू आकसतात म्हणून कोळंबी शिजताना वळते, आणि वळलेल्या कोळंबीच्या आतल्या बाजूला हवा पोचत नाही. तो भाग ओला राहतो. चिरा दिल्या की ती सरळ राहते, आवरण सर्वत्र सारखे भाजते.

यानंतर ती कोरडी करावी. स्वच्छ सुती पंचात गुंडाळून दाबावी, पंचा ओला झाला तर दुसरा घ्यावा. या एका कामाला दोन मिनिटे लागतात आणि सगळे यश बहुतेक त्यावर ठरते. आधीच्या विवेचनातून कारण स्पष्टच आहे : जितके पाणी पृष्ठभागावर, तितका रंगाला उशीर.

आपल्या वाटणाची अडचण इथेच येते. आले, लसूण, मिरची, कोथिंबीर यांचे पातळ वाटण, वर लिंबू किंवा आगळ आणि तासभर मुरवण, ही कढईची रीत झाली. मीठ आणि आंबट यांनी कोळंबीला पाणी सुटते आणि आंबटाने तिचा वरचा थर न शिजवताच घट्ट होऊ लागतो. तेव्हा वाटण पाणी न घालता, अगदी घट्ट करावे. एक चमचा पुरे. हळद, तिखट, चिमूटभर हिंग आणि मीठ त्यातच मिसळावे आणि कोळंबीला चोळून फार तर दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे. लिंबू शेवटी, ताटात. फ्रिजमधली थंड कोळंबी थेट वापरण्यात आणखी एक फायदा आहे. आतला भाग तापायला उशीर लागतो आणि मागे पडलेल्या आवरणाला थोडी सवड मिळते.

आता आवरण. एक वाटी पावाचा चुरा कढईत घेऊन त्यावर एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ मिलिलिटर, तेल घालावे आणि बोटांनी चोळून प्रत्येक कणाला लावावे. मग मंद आचेवर सतत हलवीत चार-पाच मिनिटे परतावे. रंग फिकट सोनेरी झाला की लगेच ताटात काढावे. गरम कढईत तो पुढे करपतो. या टप्प्यावर आपण तेलाचे राहिलेले काम उरकलेले असते. चुऱ्याने तेल प्यायले आहे, रंग निम्मा आला आहे, आणि यंत्रात त्याला फक्त उरलेली मजल गाठायची आहे. चवीसाठी यात थोडे तीळ, भरडलेली मिरी किंवा सुके खोबरे घालता येते. खोबरे मात्र चुऱ्यानंतर घालावे, ते फार लवकर लाल होते.

तीन ताटल्या मांडाव्यात. पहिलीत दोन चमचे तांदळाची पिठी, दुसरीत फेटलेले अंडे, तिसरीत निवलेला चुरा. पिठी कोळंबीवरचा उरलासुरला ओलावा टिपते आणि अंड्याला धरायला खरबरीत जागा देते. पिठीविना अंडे निसटते आणि भाजल्यावर आवरण सालीसारखे सुटून येते. अंड्यातली प्रथिने उष्णतेने गोठून चुरा जागच्या जागी बांधतात. (वाराच्या दिवशी अंडे चालत नाही, असा प्रश्न इथे सहसा उद्भवत नाही; त्या दिवशी कोळंबीही चालत नाही.) ज्यांना अंड्याचे वावडे आहे त्यांनी बेसनाची दाटसर पेस्ट वापरावी. ती लेपासारखी पातळ लावावी, भज्यासारखी नव्हे.

चुऱ्यात घोळवताना तळहाताने दाबावे. हा दाब महत्त्वाचा. यंत्रातला पंखा जोरकस असतो; सैल कण उडून वरच्या तापलेल्या वेटोळीवर बसतात, जळतात आणि सगळ्या जाळीला धुराचा वास लावतात. घोळवलेली कोळंबी ताटात सुटी मांडून दहा मिनिटे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी. चुरा थोडा ओलावा घेतो आणि घट्ट बसतो.

जाळीत

यंत्र २०० अंशांवर तीन-चार मिनिटे रिकामेच तापवून घ्यावे. थंड जाळीत मांडलेली कोळंबी यंत्र तापेपर्यंत नुसती कोमट हवा खात राहते आणि पाणी सोडू लागते. जाळीला तेलाचे बोट फिरवावे. कोळंबी एका थरात, एकमेकींना न लागता मांडावी. वरून ब्रशने किंवा साध्या फवारणीच्या बाटलीने तेलाचा हलका हात द्यावा. दाबाच्या डब्यातले तयार फवारे टाळावेत. त्यातल्या काही घटकांचा चिकट थर न चिकटणाऱ्या जाळीवर साचत जातो.

दोनशे अंशांवर तीन-साडेतीन मिनिटे, मग चिमट्याने उलटून आणखी अडीच-तीन मिनिटे. मोठ्या कोळंबीला एखादे मिनिट जास्त लागेल. प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा असल्याने पहिल्या खेपेला पाचव्या मिनिटाला एक कोळंबी कापून पाहावी. आतला भाग काचेसारखा पारदर्शक असेल तर थांबावे, दुधाळ पांढरा आणि रसदार असेल तर लगेच काढावी. एरवी कोळंबी किती वळली यावरून अंदाज घेतात : चंद्रकोरीसारखी झाली की शिजली, वेटोळे झाले की जास्त शिजली. आपण पोटाला चिरा दिल्यामुळे ही खूण इथे उपयोगी नाही. शेपटीच्या लाल रंगावरही विसंबू नये. कच्च्या कोळंबीत अॅस्टाझॅन्थिन हे रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेले असते, म्हणून ती करडी-निळसर दिसते. उष्णतेने ते प्रथिन उलगडले की दडलेला केशरी-लाल रंग बाहेर येतो. शेपटी पातळ असल्याने तिथे हे अगदी लवकर होते, मधला भाग तोवर कच्चा असू शकतो.

जाळीत कागद घालण्याची पद्धत अलीकडे बोकाळली आहे. धुण्याचा त्रास वाचतो हे खरे, पण कागदाने खालून येणारी हवा अडते आणि कोळंबीची खालची बाजू स्वतःच्याच वाफेत उकडते. वजन नसलेला कागद उडून वेटोळीला चिकटण्याचा धोका वेगळाच. कोळंबीपुरता तरी तो मोह टाळावा.

चार लिटरच्या भांड्यात एका वेळी दहा-बारा मोठ्या कोळंबी मावतात. घरच्या चौघांना दोन घाणे पुरतात. दहा पाहुणे येणार असतील, तर मात्र माझे मत स्पष्ट आहे : कढई काढावी. एअर फ्रायरमध्ये पाच घाणे करत बसले, तर शेवटचा बाहेर येईपर्यंत पहिला मऊ पडलेला असतो, आणि दोन घाण्यांचे एका वेळी उरकू पाहिले तर दोन्ही बिघडतात. विजेचा खर्च मात्र चिंता करण्याजोगा नाही. दीड हजार वॉटचे यंत्र तापवण्यासह पाव तास चालवले, तरी अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते.

तेल वाचले, मग काय वाचले?

सगळ्या खटाटोपात तेल लागले ते चुऱ्याला एक मोठा चमचा आणि वरून फार तर एक छोटा चमचा. चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस-पन्नास उष्मांकांचे तेल येते. तळणीच्या तुलनेत ही बचत खरी आहे. पण तिच्या जोरावर हा पदार्थ पथ्याचा होत नाही. पावाचा चुरा मैद्याचाच असतो, मीठही त्यात असते. कोळंबीत कोलेस्टेरॉल बरेच असते, शंभर ग्रॅमला दीडशे मिलिग्रॅमच्या वर. मात्र संपृक्त चरबी अगदी थोडी. रक्तातील कोलेस्टेरॉलवर आहारातील संपृक्त चरबीचा परिणाम अधिक होतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या २०१५ च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून कोलेस्टेरॉलची दिवसाला ३०० मिलिग्रॅमची ठरावीक मर्यादा वगळण्यात आली. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी अर्थातच आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे.

एक फायदा मात्र फारसा कोणी बोलून दाखवत नाही. कोळंबी तळल्यावर कढईत उरलेल्या वासाच्या तेलाचे काय करायचे, हा प्रत्येक घराचा प्रश्न असतो. ते फेकवत नाही, दुसऱ्या कशात वापरवत नाही, आणि बाटलीत भरून ठेवले की पुढच्या माशांसाठी पुन्हा तापते. तेल वारंवार तापले की त्यात घातक संयुगे साचत जातात. अशा ‘ध्रुवीय’ संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. घरी हे मोजण्याची सोय नसते. एअर फ्रायरमध्ये मुळात तेल उरतच नाही, हा प्रश्नच मिटतो.

रंगाच्या बाबतीतही एक मर्यादा पाळावी. स्टार्च असलेले पदार्थ १२० अंशांच्या वर कोरडे भाजले वा तळले की त्यांत अॅक्रिलामाइड हे नको असलेले रसायन तयार होते, असे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पावाच्या चुऱ्यालाही ते लागू आहे आणि हवेत भाजला म्हणून त्यातून सुटका नाही. सोनेरी रंगावर थांबावे, तपकिरी होऊ देऊ नये. चवीच्या दृष्टीनेही तीच हद्द योग्य आहे.

ज्या घरात कोणाला कोळंबीची अॅलर्जी आहे, तिथे जाळी आणि खालचे भांडे साबणाने नीट घासल्याशिवाय दुसरा पदार्थ त्यात करू नये. कोळंबीतील ज्या प्रथिनाने बहुधा ही अॅलर्जी होते, ते ट्रोपोमायोसिन उष्णतेला दाद देत नाही. दोनशे अंशांवर तापवल्याने जाळी ‘शुद्ध’ होते, हा समज धोक्याचा आहे.

बाहेर काढलेली कोळंबी स्टीलच्या डब्यात भरून झाकण लावणे, ही आपल्याकडची सर्वांत रूढ सवय. आतली वाफ झाकणावर थांबते, थेंब होऊन पुन्हा आवरणावर पडते आणि पाच मिनिटांत सगळे कुरकुरीतपण संपते. त्याऐवजी ती तारेच्या जाळीवर सुटी ठेवावी, कागदावरही नको, आणि वरून लिंबू पिळायचे ते ज्याने त्याने आपापल्या ताटात. सोबत हिरवी चटणी किंवा सोलकढी असावी. उरलीच, तर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशीच संपवावी. १८० अंशांवर दोन-तीन मिनिटे तापवली की आवरण पुन्हा उभे राहते. मायक्रोवेव्हमध्ये ते काही केल्या होत नाही.